घशाच्या कर्करोगाची दूरच्या अवयवात क्वचित आढळणारी गाठ आणि तिची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानेत गाठ आली म्हणजे कर्करोग दूर पसरला असं समजायचं का?

नाही. स्वरयंत्र, टॉन्सिल, जिभेचं मूळ किंवा घशाचा खालचा भाग इथला कर्करोग आधी मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये जातो. हा त्याच भागातला प्रसार झाला आणि त्यावरचे उपचार सहसा पूर्ण बरं करण्याच्या हेतूने होतात. दूरचा प्रसार म्हणजे पेशी रक्तातून पुढे जाऊन भलत्याच अवयवात रुजणं. फुप्फुस ही त्याची नेहमीची जागा, त्यामागोमाग हाडं आणि यकृत. त्याहून कमी वेळा तो मेंदू, ॲड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवर बसलेल्या, संप्रेरकं बनवणाऱ्या लहान ग्रंथी), प्लीहा, मूत्रपिंड, लहान आतडं, त्वचा किंवा हृदयाचं आवरण इथे आढळतो. पोटातून अन्न देण्यासाठी पेग नळी बसवली असेल, तर तिच्या छिद्राभोवतीही गाठ येऊ शकते. खालची बहुतेक उत्तरं या कमी दिसणाऱ्या जागांबद्दल आहेत.

फुप्फुसं स्वच्छ असताना मेंदूत किंवा मणक्यात गाठ कशी येते?

शिरांमधलं रक्त हृदयाकडून आधी फुप्फुसात जातं, म्हणून बऱ्याचशा पेशी तिथल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. पण मणक्याभोवती शिरांचं एक जाळं आहे आणि त्याला झडपा नसतात. बॅटसन यांनी १९४० मध्ये त्याचं महत्त्व दाखवून दिलं. खोकताना किंवा जोर करताना छाती-पोटातला दाब वाढला की या जाळ्यातलं रक्त उलट दिशेने वाहू शकतं आणि पेशींना फुप्फुस टाळून जाणारी आडवाट मिळते.

दुसरं कारण कर्करोगाच्या प्रकाराशी जोडलेलं आहे. एचपीव्ही विषाणूमुळे झालेला टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कर्करोग उपचारांना चांगली दाद देतो, पण पसरलाच तर कधी कधी उशिरा पसरतो, दोन वर्षं उलटून गेल्यावरही, आणि अनपेक्षित जागी दिसतो. दोन वर्षं नीट गेली म्हणून तपासण्या सोडू नयेत, असं आम्ही सांगतो ते यासाठी.

स्कॅनमध्ये एकच गाठ आहे. ती काढली की विषय संपला ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं. गाठ काढता येणं आणि काढून उपयोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅनमध्ये एक गाठ दिसते याचा अर्थ दिसण्याइतकी मोठी झालेली गाठ एक आहे. काही मिलिमीटरच्या गाठी पेट स्कॅनमध्ये (ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या चित्रात) सुटतात. म्हणून खरा प्रश्न असा असतो: ही गाठ सध्या खरोखर एकटी आहे का, आणि ती काढल्यावर आजार काही काळ तरी शांत राहील का?

याचं उत्तर मिळवायला कधी कधी मुद्दाम थांबतात. दोन-तीन महिने औषधोपचार द्यायचे आणि पुन्हा स्कॅन करायचा. तेवढ्यात चार नव्या गाठी दिसल्या, तर शस्त्रक्रियेने काहीच साधलं नसतं आणि रुग्ण मात्र विनाकारण चिरला गेला असता. गाठ एकटीच राहिली, तर शस्त्रक्रियेची बाजू भक्कम होते. घरच्यांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण निर्णयासाठी तो फार मोलाचा असतो.

मग शस्त्रक्रिया कोणाला सुचवतात?

थॉमफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये फुप्फुसातल्या दुय्यम गाठींसाठी काही अटी मांडल्या. त्या थोड्याफार फरकाने आजही इतर अवयवांना लावल्या जातात. घशातला मूळ आजार ताब्यात हवा. दुसरीकडे कुठे प्रसार नको. गाठ पूर्ण, स्वच्छ कडांसह निघण्यासारखी हवी. रुग्णाला ती शस्त्रक्रिया सोसवली पाहिजे. यात आणखी एक गोष्ट पाहतात: मूळ उपचार संपल्यापासून गाठ दिसेपर्यंत किती काळ गेला. तीन महिन्यांत आलेली गाठ आणि तीन वर्षांनी आलेली गाठ यांचा स्वभाव एक नसतो. वर्षापेक्षा जास्त अंतर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार अधिक मोकळेपणाने होतो.

हे झालं आजार काढून टाकण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचं. आतडं फुटलं, मज्जारज्जू दबला, मांडीचं हाड मोडायला आलं, तर शस्त्रक्रिया त्रास थांबवण्यासाठी होते. तिथे वरच्या अटींचा आग्रह धरत नाहीत, फक्त रुग्णाकडे पुरेसा काळ आणि ताकद आहे का एवढं पाहतात. आपल्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया या दोहोंपैकी कोणत्या हेतूने होणार आहे, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. नंतरची बरीच निराशा या एका प्रश्नाने टळते.

आधी कोणत्या तपासण्या होतात?

संपूर्ण शरीराचा पेट सीटी, छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, आणि मेंदूचा एमआरआय वेगळा. मेंदू मुळातच भरपूर ग्लुकोज वापरतो, त्यामुळे पेट स्कॅनमध्ये तो सगळाच उजळतो आणि लहान गाठ लपते. मूत्रपिंडांचंही तसंच, कारण पेटचं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. उलट बाजूने, क्षयरोग, न्यूमोनिया, नुकतंच झालेलं रेडिएशन यांमुळे कर्करोग नसलेली जागाही चमकते. म्हणून रेडिएशन संपल्यावरचा पेट स्कॅन साधारण १२ आठवडे थांबून करतात.

घशाची दुर्बिणीने पुन्हा तपासणी होते. मूळ जागी आजार परतलेला असेल, तर दूरची गाठ काढण्याचा बेत तिथेच थांबतो.

बायोप्सी केल्याने कर्करोग पसरतो, मग ती टाळता येईल का?

सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याचा धोका फार कमी असतो. निदान चुकण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. मूत्रपिंडातली किंवा ॲड्रिनलमधली गाठ त्या अवयवाची स्वतःचीच असू शकते, कधी तर निरुपद्रवीही. तिला घशाच्या कर्करोगाचा प्रसार धरलं की पुढचा सगळा उपचार चुकतो.

बायोप्सी टाळण्याची कारणंही आहेत. प्लीहेत सुई घातली तर रक्तस्रावाची भीती असते. गाठ कशीही काढायचीच असेल आणि स्कॅनचं चित्र पुरेसं स्पष्ट असेल, तर थेट काढून तपासायला पाठवतात. ॲड्रिनलबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

फुप्फुसातली एकटी गाठ घशातूनच आली हे कसं ठरवतात?

हे अवघड आहे. घशाचा बहुतेक कर्करोग स्क्वेमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) प्रकारचा, आणि तंबाखू ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात नव्याने होणाराही बऱ्याचदा तोच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखे दिसतात. घशातली मूळ गाठ एचपीव्हीची असेल तर नव्या गाठीत त्याच विषाणूची चाचणी करतात. नुसती पी१६ (एचपीव्हीची अप्रत्यक्ष खूण मानलं जाणारं प्रथिन) पॉझिटिव्ह येणं पुरत नाही, कारण फुप्फुसाचा स्वतःचा स्क्वेमस कर्करोगही एचपीव्हीशिवाय पी१६ पॉझिटिव्ह येऊ शकतो. दोन्ही नमुन्यांची जनुकीय तुलना केली तर बऱ्याचदा उलगडा होतो. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) कुठे आहेत ते शोधून ठेवा. अहवालाच्या कागदाइतकेच ते ब्लॉक कामाचे असतात. शंका उरलीच आणि गाठ एकटी असली, तर ती नवा, बरा होऊ शकणारा कर्करोग आहे असं धरून उपचार करण्याकडे कल असतो.

ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ कशी काढतात?

सुई किंवा सुरी लागण्याआधी रक्तातलं मेटानेफ्रिन तपासलंच पाहिजे. फिओक्रोमोसायटोमा नावाची, ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं सोडणारी गाठ इथेच होते आणि ती या चाचणीत कळते. तिला नुसता धक्का लागला तरी रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.

ती शक्यता बाद झाली आणि गाठ साधारण ६ सेंटिमीटरच्या आत, आजूबाजूला न चिकटलेली असली, तर दुर्बिणीतून निघते. ग्रंथी ठिसूळ असते. चिमट्याने थेट तिलाच धरलं तर आवरण फाटतं आणि पेशी पोटात सांडतात, म्हणून सर्जन तिच्याभोवतीची चरबी धरून तिला हलवतात. उजव्या बाजूला तिची शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते. ती निसटली तर क्षणात शस्त्रक्रियेची जागा रक्ताने भरते आणि पोट उघडावं लागू शकतं. डावी शीर लांब असते, मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, आणि तिथे काम तुलनेने निवांत होतं. गाठ मोठी किंवा चिकटलेली असेल तर सुरुवातीपासूनच पोट उघडून करणं हाच शहाणपणा.

एक ग्रंथी काढली तर दुसरी सहसा काम सांभाळते. दोन्ही गेल्या तर त्यांच्या संप्रेरकांची जागा घेणारं हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम दोन-तीन भागांत, आणि सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन, हे आयुष्यभर. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट करायचा. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेऊन थेट रुग्णालय गाठायचं. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

मेंदूतली गाठ काढावी की रेडिएशन द्यावं?

गाठ एकच, ३ सेंटिमीटरहून मोठी, आजूबाजूला सूज करणारी किंवा लहान मेंदूत पाण्याची वाट अडवणारी असेल, तर शस्त्रक्रिया पुढे असते. पॅचेल यांच्या १९९० च्या चाचणीत मेंदूत एकच दुय्यम गाठ असलेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया आणि रेडिएशन मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ४० आठवडे, तर नुसतं रेडिएशन मिळालेल्यांचं १५ आठवडे होतं. त्या चाचणीत वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग होते, फक्त घशाचे नव्हे. लहान गाठींना स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन (गाठीवर नेमका रोखलेला मोठा डोस) पुरतं. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीलाही असं रेडिएशन देतात, नाहीतर तिथेच ती परतण्याची शक्यता बरीच असते. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने सूज एक-दोन दिवसांत उतरते आणि रुग्ण एकदम ताजातवाना दिसतो. पण हा परिणाम सुजेवरचा आहे, गाठीवरचा नाही. ते औषध मनाने बंद करू नये.

पेग नळीच्या छिद्राजवळ मांस वाढलं आहे. घाबरायचं का?

बहुतेक वेळा ती जखम भरतानाची साधी वाढ असते: मऊ, ओलसर, लालगुलाबी, बोट लागलं की रक्त येतं, आणि सिल्व्हर नायट्रेट लावल्यावर आक्रसते. कर्करोगाची वाढ हाताला कडक लागते. तिच्या कडा उंचावलेल्या असतात, नळीभोवती ती एका बाजूला जास्त फुगते, दुखते, दुर्गंधी येते आणि दोन-तीन आठवड्यांच्या मलमपट्टीने तसूभर हलत नाही. अशा वेळी तुकडा काढून तपासणी झालीच पाहिजे. महिनोन्‌महिने मलम बदलत बसल्यामुळे निदान लांबतं, ही इथली नेहमीची चूक.

हे होतं कसं? नेहमीच्या पद्धतीत नळी तोंडातून आत घेऊन पोटाबाहेर ओढतात. वाटेत तिची चकती घशातल्या गाठीला घासते आणि पेशी सोबत घेऊन जाते, असं मानलं जातं. रक्तातून आलेल्या पेशी ताज्या जखमेत रुजणं हीसुद्धा एक शक्यता आहे. हा प्रकार दुर्मिळ आहे, १ टक्क्याच्या आत. घशात मोठी, न काढलेली गाठ असेल तर पोटाच्या बाजूने थेट नळी घालण्याची पद्धत वापरता येते, म्हणजे घासण्याचा प्रश्नच राहत नाही.

शस्त्रक्रियेत छिद्राभोवतीची पोटाची भिंत पूर्ण जाडीने आणि जठराचा चिकटलेला भाग एकाच तुकड्यात काढतात. मग दोन कामं उरतात. एक, भिंतीतलं भगदाड बुजवणं. जठर उघडलेलं असल्यामुळे जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून नेहमीची कृत्रिम जाळी टाळून शेजारचा स्नायू किंवा जैविक जाळी वापरण्याकडे कल असतो. दोन, अन्नाची नवी वाट. ती सहसा लहान आतड्यात नळी घालून केली जाते. ही दुसरी गोष्ट आधी ठरली नसेल तर रुग्ण जखम भरण्याच्या काळातच उपाशी पडतो.

लहान आतड्यातली गाठ इतकी उशिरा का कळते?

कारण ती गप्प असते आणि एकदम फुटते. आतडं अडतं, एकात एक शिरतं, रक्त जातं किंवा छिद्र पडतं. केमो किंवा स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णात पोट लाकडासारखं कडक होण्याची नेहमीची खूणही दिसेलच असं नाही. नुसती अस्वस्थता, वाढलेली नाडी आणि फुगलेलं पोट एवढंच असतं. अशा रुग्णाचा सीटी लगेच व्हावा. शस्त्रक्रियेत गाठीचा भाग मेसेंटरीसह (आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यासह) काढतात आणि टोकं जोडतात. पोटात विष्ठा सांडलेली असेल किंवा रुग्ण खचलेला असेल, तर न जोडता आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढणं सुरक्षित. उरलेलं आतडं हाताने इंच-इंच चाचपून पाहतात, कारण दुसरी गाठ असू शकते.

प्लीहा, मूत्रपिंड, यकृत?

प्लीहा पूर्ण काढतात. न्यूमोकोकस, मेनिन्गोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंवरच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी द्याव्यात, राहिल्या तर शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी. पुढे आयुष्यभर ताप म्हणजे तातडीची बाब.

मूत्रपिंडात आधी बायोप्सी, मग शक्य असेल तर फक्त गाठीचा भाग काढणं. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाने मूत्रपिंडं आधीच कमजोर झालेली असू शकतात, म्हणून जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं.

यकृत निरोगी असेल तर सुमारे २० ते ३० टक्के उरलं तरी चालतं. दारूमुळे सिरोसिस झालेल्या यकृतात निदान ४० टक्के लागतं. ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ सुईने उष्णता देऊनही जाळता येते.

त्वचेवरच्या गाठी कापून टाकता येतील का?

एखादी, मूळ जागेपासून लांब, बराच काळ एकटी राहिलेली गाठ काढता येते. पण मानेवर-छातीवर पुरळासारख्या अनेक गाठी आल्या असतील तर तो लसिकावाहिन्यांतून पसरलेला आजार असतो. तिथे कापलं की कडेला नवीन येतात आणि जखम भरत नाही.

मणका किंवा मांडीच्या हाडासाठी शस्त्रक्रिया कधी?

हाडात मिरेल्स गुणांकन वापरतात: जागा, वेदना, गाठीचा प्रकार आणि आकार, प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ९ किंवा जास्त आली तर हाड मोडण्याआधीच सळई घालतात. मोडल्यावर केलेली शस्त्रक्रिया अधिक अवघड आणि जास्त रक्तस्रावाची असते. मणक्यात मज्जारज्जू दबत असेल तर घड्याळाकडे पाहावं लागतं. २००५ च्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर ८४ टक्के रुग्ण चालू शकले, नुसत्या रेडिएशननंतर ५७ टक्के. पाय जड होणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी एमआरआय.

स्वरयंत्र काढलेलं आहे. भूल कशी देणार?

अशा रुग्णाचा श्वास फक्त मानेवरच्या छिद्रातून, स्टोमातून चालतो. नाकातोंडावर लावलेला ऑक्सिजन फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. घाईगर्दीत ही चूक होते आणि जीव जातो. पलंगाच्या डोक्याशी ‘श्वास मानेतून, ऑक्सिजन मानेला’ असा ठळक फलक लावून घ्या आणि पाळी बदलली की नव्या नर्सला दाखवा. भूल देताना नळी स्टोमातून घालतात. श्वासनलिका आता आखूड असल्यामुळे नळी थोडी खोल गेली तरी एकाच फुप्फुसात उतरते. शस्त्रक्रियेनंतर थुंकी घट्ट होते, म्हणून वाफारा, सक्शन आणि छातीचे व्यायाम पहिल्या दिवसापासून लागतात.

स्वरयंत्र शाबूत पण रेडिएशन झालेलं असेल, तर तोंड कमी उघडतं आणि मान ताठरते. तिथे रुग्ण जागा असतानाच लवचीक दुर्बिणीवरून नळी घालणं सुरक्षित ठरतं. मानेच्या रेडिएशननंतर थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे. म्हणून थायरॉइडची रक्ततपासणी करावी. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणारी औषधं) घेतली असेल तर सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनलचं संप्रेरक, हेही पाहावं. हे राहून गेलं तर शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब का सावरत नाही, हे कोणाला उमगत नाही.

वजन खूप उतरलं आहे. आधी काय करायचं?

सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर ७ ते १४ दिवस आहार सुधारून मगच पुढे जावं. किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. फार दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून हृदयाची लय बिघडते. म्हणून आधी थायमिन, मग थोड्यापासून सुरुवात. तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद.

चिरफाड न करता रेडिएशनने गाठ जाळता येत नाही का?

बऱ्याचदा येते, आणि अशक्त रुग्णासाठी तोच चांगला मार्ग असतो. फुप्फुस, ॲड्रिनल, यकृत, मणका इथे स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन थोड्याच बैठकांत देतात. आतड्याला चिकटलेल्या गाठीला तेवढा डोस देता येत नाही, कारण आतडं भाजून छिद्र पडतं. आणखी एक फरक म्हणजे शस्त्रक्रियेत पूर्ण गाठ तपासायला मिळते, रेडिएशनमध्ये नाही.

औषधोपचार यांपैकी कशामुळेही सुटत नाहीत. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं का, एकटं की केमोसोबत, हे ठरवताना गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन किती आहे ते सांगणारा सीपीएस गुणांक पाहतात. तो १ किंवा जास्त असेल तर ते एकटंही देता येतं. केमो आणि शस्त्रक्रिया यांत साधारण तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवतात, रक्तपेशी सावराव्यात म्हणून.

शस्त्रक्रियेनंतर किती आयुष्य मिळतं?

फुप्फुसातली गाठ काढलेल्या निवडक रुग्णांपैकी पाच वर्षांनी साधारण ३० टक्के हयात असल्याचं दिसतं. ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा, कारण शस्त्रक्रियेसाठी मुळातच संथ आजार आणि बरी तब्येत असलेले रुग्ण घेतलेले असतात. दुर्मिळ जागांबद्दल मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत, आणि चांगला निकाल लागलेल्याच जास्त छापल्या जातात. त्यावरून टक्केवारी सांगणाऱ्यावर विसंबू नका. एचपीव्हीचा आजार, एकच गाठ आणि लांब अंतर असेल तर आशा जास्त असते, एवढं मात्र खात्रीने सांगता येतं.

टीमने शस्त्रक्रियेला नकार दिला. दुसरीकडे जायचं का?

दुसरं मत जरूर घ्या, पण सर्जनचं एकट्याचं नको. रेडिएशन, औषधोपचार आणि वेदनाशमन पाहणारे डॉक्टर एकत्र बसतात अशा ट्यूमर बोर्डाचं घ्या. सोबत स्कॅनची मूळ सीडी, पॅराफिन ब्लॉक, रेडिएशनच्या डोसाचा तक्ता आणि झालेल्या केमोची नोंद न्या. ‘काढता येईल का?’ असं विचारलंत तर कुठे ना कुठे ‘हो’ मिळेलच. ‘काढल्याने काय बदलेल, आणि काढलं नाही तर काय होईल?’ असं विचारा. वेदनाशमन पाहणाऱ्या टीमला त्याच आठवड्यात भेटा, शस्त्रक्रिया होवो वा न होवो. गिळणं, झोप, दुखणं आणि श्वास यांवर त्यांचं काम त्याच दिवसापासून सुरू होतं.